सिंधुदुर्गात किनारा सोडून आतल्या गावांत सांस्कृतिक पर्यटन: काय दाखवावं, काय राखून ठेवावं?

पाणंद यांचा प्रश्न

कुडाळ आणि मालवण तालुक्यांच्या सीमेवरच्या चार गावांसाठी विचारतो आहे. समुद्र लांब, त्यामुळे तारकर्लीची गर्दी इकडे वळत नाही. सात घरं खोल्या द्यायला तयार आहेत, मिळून सोळा माणसं झोपतील. दाखवण्यासारखं म्हणाल तर ग्रामदेवता सातेरीचं देऊळ आणि तिथली जत्रा, दशावतार, बायकांची फुगडी आणि ढालो, धनगरवाड्याचं गजनृत्य, एक जुनी ख्रिस्ती वाडी. जवळच पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गाऊन सांगायची कथा) आणि कळसूत्री बाहुल्या आहेत, तासाभरावर कातळशिल्पं.

एका सहल कंपनीने प्रस्ताव दिला आहे: देवळासमोर मंडप घालायचा, दीड तासात ढालो, गजनृत्य आणि दशावतार एका मंचावर, मग जेवण. महिन्यातून चार बसगाड्या. पैसे बरे आहेत. गावात दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, नाही तरी पोरं मुंबईला जातात, चार पैसे मिळू देत. काहींचं म्हणणं, देवाचं ते देवाच्याच दारात राहू दे.

हवं आहे ते असं: यातलं काय पाहुण्यांपुढे आणावं, किती माणसांना, कोणत्या महिन्यात, आणि कलाकारांना पैसे कसे द्यावेत. जिल्हा 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला वगैरे भाषणातलं नको, कामाचं सांगा.

---

रंगपट

फक्त दशावताराबद्दल लिहितो.

दीड तासाच्या कार्यक्रमात दशावताराच्या वाट्याला येतील पंचवीस मिनिटं. त्यात काय बसतं? एक युद्ध आणि एक गिरकी. दशावतार म्हणजे पालखी फिरून आल्यावर मध्यरात्रीकडे उभं राहणारं आणि पहाटे दहीकाल्याने संपणारं नाटक. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग वेद पळवणारा संकासूर आणि त्याला मारणारा विष्णू. त्यानंतर आख्यान, म्हणजे रात्रीची मुख्य कथा. लिखित संहिता नसते. कोणतं आख्यान आणि कोणाचं कोणतं पात्र एवढं ठरतं, बाकी संवाद रंगमंचावर उभं राहून सुचतात. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत. पंचवीस मिनिटांत संवादाला जागाच उरत नाही, आणि दशावतारात संवाद हीच तर गंमत आहे. उरतात ते भरजरी कपडे.

आता दुसरी अडचण, जी सहल कंपनीला ठाऊक नसते. कार्तिकापासून पुढे हंगामात दशावताराची नाटक कंपनी रोज रात्री वेगळ्या गावात असते. पहाटे नाटक संपतं, पेटारे भरतात, टेम्पोत झोप, दुपारी जेवण, संध्याकाळी पुढच्या गावी. म्हणजे ज्या महिन्यांत पाहुणे येतात त्याच महिन्यांत कलाकाराची संध्याकाळ मोकळी नसते. तुम्ही संध्याकाळी सातचा कार्यक्रम ठरवलात तर नावाजलेला राजपार्टी (राजाची भूमिका करणारा) येणार नाही, रिकामा बसलेला कोणीतरी येईल.

म्हणून दोन वेगळ्या गोष्टी करा.

पहिली, दुपारी तीन ते पाचची बैठक. दोन कलाकार, एक राजपार्टी आणि एक स्त्रीपार्टी. सोबत पेटीवाला आणि पखवाजवाला. चटई, समोर छोटा आरसा, रंगाचा डबा. कलाकार आपला चेहरा आपणच रंगवतो, दुसऱ्याच्या हातून नाही, हे जवळून पाहण्यासारखं आहे. अस्तराचा हात, मग भुवया, डोळ्यांची काजळाची रेघ कानाकडे ओढलेली, शेवटी गंध. स्त्रीपार्टीला लुगडं, अंबाडा, दागिने धरून सव्वा तास तरी लागतो. पाहुण्यांपुढचा पुरुष हळूहळू बाई होत जातो, चालणं बदलतं, मान बदलते. हे रात्रीच्या नाटकात कधीच दिसत नाही. रंग चढल्यावर अर्धा तास एक प्रवेश, आणि मग पाहुण्यांपैकी कोणीतरी एक प्रसंग सुचवायचा, त्यावर कलाकार तिथल्या तिथे संवाद रचतात. पाच वाजता कलाकार मोकळे, रात्रीच्या गावाला वेळेत पोचतात.

बारापेक्षा जास्त माणसं बसवू नका. तेराव्याला आरसा दिसत नाही आणि तो मोबाईल उंच धरतो, मग मागच्या सगळ्यांची दुपार वाया.

दुसरी, खरी जत्रा. तिथे पाहुण्यांना घेऊन जा, जत्रा पाहुण्यांकडे आणू नका. रात्री दहाला जेवून निघायचं, अंथरायला सतरंजी, अंगावर शाल (डिसेंबरात दोन वाजता दव पडतं), आणि सोबत आख्यान समजावणारा एक माणूस. सगळ्यांनी पहाटेपर्यंत बसलंच पाहिजे असं नाही. दीड वाजता एक गाडी परत, साडेपाचला दुसरी.

एक सूचना: ट्रिकसीनचं (यांत्रिक चमत्कारांच्या दृश्यांचं) नाटक की पारंपरिक, हे आधी विचारून घ्या. गावातल्या लोकांना ट्रिकसीन आवडतं आणि त्यात वाईट काही नाही, पण पाहुण्याला सांगितलेलं एक आणि दिसलं दुसरं असं होऊ नये.

---

बारापाच

रंगपट यांच्याशी सहमत, पण मुळात प्रश्न कलेचा कमी आणि गावऱ्हाटीचा, म्हणजे गावाच्या देवाधर्माच्या रीतीचा, जास्त आहे.

आपल्याकडे एकाच प्रकाराला दोन बाजू असतात. काही गोष्टी देवाच्या, काही माणसांच्या. ही वाटणी पाहुण्यांना दिसत नाही, म्हणून गावाने आधी करून ठेवावी. फुगडी माणसांची आहे. कधीही, कुठेही, अंगणात घाला. ढालो तसे नाहीत. ते पौषात, रात्री, मांडावर (त्यासाठी राखलेल्या पवित्र जागेवर). मांडावर चपला घालून कोणी जात नाही. ढालो मंडपात मे महिन्यात नाचवले तर बायका नाचतीलही पैशांसाठी, पण पुढच्या पौषात घरातल्या म्हाताऱ्या मांडावर बसून त्याच बायकांना काय ऐकवतील याचा विचार करा. तट तिथे पडतो.

जत्रेचंही तसंच. पालखी, तरंग (देवतेचा सजवलेला खांब), अवसार (अंगात येणं) या देवाच्या गोष्टी. त्या वेळी कॅमेरा खाली. रात्रीचं नाटक माणसांसाठी आहे, तिथे फोटो चालेल, पण फ्लॅश नको. सोनुर्लीची माऊलीची लोटांगणांची जत्रा हे तर अगदी नाजूक प्रकरण. नवस फेडायला ओल्या अंगाने लोटांगण घालणाऱ्या माणसाचा चेहरा टिपायला लेन्स पुढे करणं म्हणजे त्याच्या नवसात पाय घालणं. पाहुण्यांना गाडीतच सांगा, देवळात पोचल्यावर सांगून उपयोग नाही.

तारखांबद्दल. सहल कंपनी वर्षभराचं वेळापत्रक मागेल, आणि तुमच्या हातात निम्म्याच तारखा असतील. ज्या जत्रा तिथीला बांधलेल्या आहेत त्या आधी कळतात: कुणकेश्वर महाशिवरात्रीला, कित्येक गावांच्या जत्रा कार्तिक-मार्गशीर्षातल्या ठरलेल्या तिथींना. पण आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तिथीवर नाही, देवीचा कौल होईल तेव्हा. आचऱ्याची गावपळण तर तीन-चार वर्षांतून एकदा, तीही कौलाने. कौल म्हणजे पाषाणाला लावलेल्या कळ्या-पाकळ्या उजवीकडून पडतात की डावीकडून, यावर उत्तर. पाहुण्याने विमानाचं तिकीट काढलंय म्हणून पाकळी लवकर पडत नाही.

गावपळणीवर दोन वाक्यं, कारण हल्ली तिचे व्हिडिओ फिरतात आणि ‘ते दाखवा ना’ अशी मागणी येते. गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतो. गाव रिकामा राहणं हाच विधी. त्या रिकाम्या गावात पाहुण्यांना फिरवून आणणं म्हणजे विधी मोडणं. वेशीबाहेरच्या राहुट्यांत ओळखीच्या घरी जेवायला बोलावलं तर जावं, तेवढंच.

शेवटी पद्धतीचं. काहीही सुरू करण्याआधी मानकऱ्यांना एकत्र बसवा आणि देवळात गाऱ्हाणं (सगळ्या गावाच्या वतीने देवाला विनवणी) घाला. हे श्रद्धेपोटी करा किंवा व्यवहार म्हणून करा, फळ एकच. गावकराने गाऱ्हाणं घातलं आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं की नंतर कोणी ‘आम्हाला विचारलं नव्हतं’ असं म्हणू शकत नाही. ग्रामसभेचा ठराव कागदासाठी घ्या, गाऱ्हाणं माणसांसाठी. आणि त्या बैठकीला धनगरवाड्याची आणि ख्रिस्ती वाडीची माणसं बोलावलीत का? त्यांचं गजनृत्य आणि त्यांची वाडी तुम्ही यादीत घातली आहे, तर होय-नाही त्यांनी म्हणायचं.

---

जमाखर्च

भावनेचं वर झालं, आता आकडे. खालचे दर मी उदाहरणासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला. पण मांडणी हीच ठेवा.

बारा पाहुणे, दोन रात्री, माणशी 5,500. जमा 66,000.

खर्चात एक भाग माणसांबरोबर वाढतो: राहणं-जेवण माणशी रात्री 1,200, म्हणजे बारा जणांचे दोन रात्रींचे 28,800. गावनिधीला जमेच्या 5 टक्के, 3,300. दुसरा भाग माणसं किती का असेनात, तेवढाच: सतरा आसनी गाडी दोन दिवस 11,000, दशावताराची दुपार 7,500, चित्रकथी आणि बाहुल्या 6,000, वाटाड्या दोन दिवस 3,000. हे झाले 27,500. एकूण खर्च 59,600, हातात 6,400. त्यातून फोन, रद्द झालेल्या नोंदी, फुटलेली बादली.

आता सातच पाहुणे आले तर? जमा 38,500. राहणं-जेवण 16,800, निधी 1,925, आणि ते 27,500 जसेच्या तसे. खर्च 46,225. म्हणजे 7,725 ची खोट. मधला बिंदू (ना नफा, ना तोटा) काढायचा तर, एका पाहुण्यामागे 2,825 शिल्लक पडतात, आणि 27,500 भागिले 2,825 म्हणजे पावणेदहा. दहा पाहुणे झाले तरच तुकडी चालवा. आठ झाले तर लहान गाडी घ्या, किंवा तारीख पुढे ढकला. कलाकाराचं मानधन मात्र कापू नका, आणि इथेच बहुतेक गावं चुकतात. पाहुणे कमी आले की पहिली कात्री कलाकारावर चालते, कारण गाडीवाला ऐकत नाही. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा चांगला कलाकार येत नाही.

सहल कंपनी 20 टक्के दलाली मागेल. ती 5,500 मधूनच दिली तर पाहुण्यामागे 1,725 उरतात आणि मधला बिंदू सोळावर जातो. रंगपट म्हणतात बारापेक्षा जास्त बसवू नका. म्हणजे त्या दराने तुम्ही कायम तोट्यात, कितीही पाहुणे आले तरी. दलाली दरावर चढवून घ्या, दरातून कापून नको.

पैसे देण्याची रीत: पाहुण्यांकडून निम्मे आगाऊ, उरलेले पोचल्यावर. कलाकाराला त्याच दिवशी, कार्यक्रम संपल्याबरोबर, पूर्ण, आणि शक्यतो प्रत्येकाला वेगळे. पखवाजवाल्याचे पैसे मुख्य कलाकाराच्या हातात दिले की ते त्याच्यापर्यंत किती आणि कधी पोचतात हे सांगता येत नाही.

घरांची पाळी वहीत लिहा. सात घरं असतील तर पहिल्या तुकडीला एक ते सहा, दुसरीला सात आणि परत एक ते पाच. ‘मागच्या वेळी त्या घरी उतरलो होतो, तिथेच द्या’ असं पाहुणे म्हणणारच. द्या, पण त्या घराची पुढची पाळी गेली असं मांडा. नाहीतर दोन वर्षांत रस्त्याकडेचं, टाईल्सचं संडास असलेलं एकच घर चालतं आणि बाकीची सहा ‘सांस्कृतिक पर्यटन’ या शब्दावर हसतात.

चार बसगाड्यांचं विसरा. सोळा बिछान्यांच्या गावात बसगाडी फक्त जेवून जाते. पत्रावळी आपण उचलायच्या.

---

कातळवाट

कातळशिल्पांसाठी मालवण तालुक्यातलं कुडोपी धरा. सड्यावरच्या (उघड्या कातळी पठारावरच्या) त्या जागेला गावात ‘बाहुल्यांचे टेंब’ म्हणतात. 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकण-गोव्याची जी नऊ ठिकाणं गेली त्यात सिंधुदुर्गातलं हे एकच आहे.

वेळ महत्त्वाची. भर बारा वाजता नेलंत तर पाहुण्यांना सपाट जांभा दिसेल आणि ते ‘कुठे आहे?’ विचारतील. खोदकाम उथळ आहे, उन्हं तिरकी असली की कडांची सावली पडते आणि आकृती उठून दिसते. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेचारनंतर. पावसाळ्यात सड्यावर पाणी आणि शेवाळ, ऑक्टोबरात कमरेएवढं गवत. डिसेंबर ते मार्च बरा. एप्रिलनंतर सकाळची वेळच फक्त, कारण दहानंतर कातळ तापतो आणि सावलीला झाड नाही.

वाटाड्याला दोन गोष्टी बजावून सांगा. रेषा दिसाव्यात म्हणून खडू, चुना, रांगोळी घालायची नाही. आणि आकृतीवर उभं राहून फोटो नाही. जांभा दगड दिसतो राकट, पण त्याची कड बुटाच्या टाचेने सुटते. अजून एक: ही शिल्पं अमुक हजार वर्षांची असं छातीठोक सांगू नका. ‘कोणी, कधी, कशासाठी यावर अभ्यास चालू आहे’ एवढं सांगितलं तर पाहुणे जास्त वेळ बघत बसतात.

किल्ल्याचा मोह आवरा. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत, त्यामुळे मालवणच्या जेटीवर रांग वाढणारच. दोन दिवसांत किल्ला घातलात की अर्धा दिवस होडीच्या रांगेत जातो. ज्यांना किल्ला बघायचा ते स्वतः बघतात. त्याऐवजी धामापूरचा तलाव घ्या: 1530 चा, आजही त्याच्या पाण्यावर शेती होते, आणि 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. काठावर भगवतीचं देऊळ, सावली, तासभर बसता येतं.

पिंगुळी कुडाळपासून अगदी जवळ आहे. तिथली ठाकर मंडळी चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, तिन्ही करतात. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये याच कामासाठी पद्मश्री मिळाली. सगळं एकाच बैठकीत मागू नका. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चळत, एकेक चित्र उचलून गात सांगायची. पूर्ण कथा बराच वेळ चालते. एक प्रसंग निवडून, आठ-दहा चित्रं, पाऊण तास, असं आधी बोलून घ्या. सावल्यांच्या खेळाला काळोख लागतो, त्यामुळे तो सूर्य मावळल्यावर ठेवा. दुपारी खिडक्यांना चादरी लावून केलेला खेळ फिका पडतो.

---

माजघर

खोल्यांकडे वळा. पाहुणे पहिली तक्रार संडासाची करतात, दुसरी उशीची. संस्कृती तिसऱ्या दिवशी आठवते.

घराघरातला संडास आत नसला तरी चालतो, पण वाटेत दिवा हवा, आतून कडी हवी, आणि बादली दोन. मार्चअखेर विहीर किती खाली जाते ते बघा. बारा पाहुणे घरच्या माणसांच्या दुप्पट पाणी वापरतात. एप्रिल-मेमध्ये टँकर आणावा लागणार असेल तर तो जमाखर्च यांच्या हिशेबात घाला.

कागदपत्रं: राहत्या घरातल्या खोल्यांसाठी राज्याची न्याहारी-निवास योजना आहे. शेती असेल तर 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. जेवण देणाऱ्या प्रत्येक घराची अन्न सुरक्षा नोंदणी. पाहुण्यांची वही आणि ओळखपत्राची प्रत. विदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन भरावी लागते, हे घरातल्या एका तरण्याला शिकवून ठेवा. ध्वनिक्षेपक असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी, आणि रात्री दहानंतर तो बंद. बारा माणसांना मुळात माईक लागत नाही.

जेवणाबाबत: सहल कंपनी पनीर मागेल. देऊ नका. सकाळी घावणे-चटणी, दुपारी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, सोलकढी. मासे हवेत तर बाजाराचा वार बघा.

आणि एक दुपार शिरवळ्यांची करा, कारण ती नाचगाण्यापेक्षा लक्षात राहते. भांडंभर तांदळाच्या पिठाला भांडंभर पाणी, मीठ, उकड काढायची. गरम असतानाच मळून मुठीएवढे गोळे. ते उकळत्या पाण्यात सोडायचे, वर तरंगून आले आणि आतपर्यंत शिजले की एकेक काढून लाकडी साच्यात घालायचा आणि दाबायचा. दाबायला दोन माणसं लागतात, एकाने साचा धरायचा, दुसऱ्याने दांड्यावर अंगाचा भार टाकायचा. इथे पाहुणे घामाघूम होतात आणि खूश होतात. गोळा निवला की शेव तुटते, म्हणून एका वेळी एकच गोळा बाहेर. पीठ जुनं असलं तरीही तुटते. रस म्हणजे नारळाचं घट्ट दूध, गूळ, वेलची. बारा जणांना सहा नारळ. रस गरम करायचा नाही, फुटतो. हे पाहुण्यांना आधी सांगा, कारण कोणीतरी ‘थोडा कोमट करू का’ म्हणतोच.

---

पाणंद

सर्वांचे आभार. बसगाड्यांना नाही म्हणायचं असं बहुतेक ठरेल. गजनृत्याबद्दल धनगरवाड्यावर जाऊन विचारू, ते राहिलं होतं हे खरं. दोन शंका उरल्या. चौकशी सर्वांत जास्त मे महिन्यासाठी येते, शाळांना सुटी असते म्हणून. तेव्हा ना ढालो, ना थंडी. मग मेमध्ये द्यायचं काय? आणि कौलाच्या जत्रेची तारीख उशिरा कळते, त्याला पाहुणे कसे जोडायचे?

---

बारापाच

दुसऱ्याचं उत्तर: तारीख विकू नका, यादी करा. ज्यांना कौलाची जत्रा बघायची त्यांचे फोन घेऊन ठेवा, पैसे घेऊ नका. कौल झाला की एका तासात निरोप. यातले मुंबई-पुण्याचे निम्मे येतील, लांबचे येणार नाहीत. लांबच्यांना तिथीच्या जत्रा द्या. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे पंचांग बघून तिथीच्या तारखा निदान तीन महिने आधी कळवा. गणपतीत कोणालाच बोलावू नका. घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात आणि गाड्याही.

---

रंगपट

मेमध्ये नाटक कंपन्या पूर्ण थांबलेल्या नसतात, पण दुपारची बैठक घामाने रंग ओघळतो म्हणून वाईट होते. सकाळी सात ते नऊ चालेल का ते कलाकाराला विचारा. आदल्या रात्री नाटक असेल तर नाही म्हणेल, आणि ते बरोबर आहे.

---

माजघर

मे म्हणजे रातांबे (कोकमाची फळं). आमसुलं करायला लावा. फळ फोडून साल वेगळी, बिया आणि गर मिठात, त्याला सुटलेल्या रसात साल बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची. पाच-सहा दिवस हे चालतं, त्यामुळे पाहुण्यांना अंगणात वेगवेगळ्या दिवसांच्या चार चटया दिसल्या पाहिजेत: पहिल्या दिवशीची लाल, शेवटची जवळजवळ काळी. हात दोन दिवस रंगलेले राहतात. लहान मुलं यात रमतात. पहिला वळवाचा पाऊस आला की सगळ्यांनी मिळून चटया उचलायच्या, हाही कार्यक्रमच.

---

कातळवाट

मेच्या दुपारींसाठी सावंतवाडी. राजवाड्यात गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) रंगवताना बघता येतात आणि चितारआळीत लाकडी खेळणी. नुसतं बघून बाहेर पडण्याऐवजी गंजिफा खेळायला शिकवा. दशावतारी संच 120 पत्त्यांचा: दहा अवतार, प्रत्येकी राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शा. तिघे खेळतात, चाळीस-चाळीस पानं. गोल पत्ते हातात धरताच येत नाहीत, पहिली दहा मिनिटं त्यातच जातात. दिवसा खेळ असेल तर उतारी (पहिलं पान टाकण्याचा मान) रामाची, रात्री कृष्णाची. आणि पाच अवतारांत दश्शा मोठा, पाचांत एक्का मोठा, यावर हमखास भांडण होतं. एक डाव पुरा व्हायला बराच वेळ लागतो, म्हणून अर्धा तास पत्ते ओळखणं आणि अर्धा तास उघड्या पानांनी खेळ एवढंच ठेवा. हाताने रंगवलेला संच खेळायला देऊ नका, घामाच्या बोटांनी रंग जातो. त्यासाठी छापील पत्ते वेगळे ठेवा.

---

जमाखर्च

मेच्या तुकडीत दशावतार नसेल तर ते 7,500 वजा करा आणि आमसुलं-शिरवळी करणाऱ्या बायकांचे 3,000 घाला. ठरलेला खर्च 23,000 होतो, मधला बिंदू नऊ पाहुण्यांवर येतो. टँकर त्यात धरलेला नाही.